उणे टक्क्यांचे धरण

जुलै उजाडला की सोलापूर जिल्ह्यात माणसे एकमेकांना आपल्या गावच्या पावसाविषयी फारसे विचारत नाहीत, ‘दौंडला किती?’ एवढाच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी या हिशेबात मिळते. सह्याद्रीच्या कुशीत मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भामा या नद्यांवर पडलेला पाऊस दौंडच्या मोजणीवरून उजनीत किती वेगाने येतो आहे, हे शेतकऱ्यापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांना कळते. रोज सकाळी फोनवर येणारा ‘उजनी धरण स्थिती’ हा चार ओळींचा निरोप आमच्याकडे भविष्यासारखा वाचला जातो. या निरोपातील टक्केवारीची ओळ मात्र गेली अनेक वर्षे मला खटकत आली आहे. त्या ओळीत वर्षातील काही महिने आकड्याआधी ‘उणे’ हा शब्द असतो. उणे वीस, उणे छत्तीस, आणि २०२४ च्या जून महिन्यात जवळजवळ उणे साठ. जलाशयात पाणी आहे, त्यावर होड्या चालतात, मासेमारी होते, आणि तरीही कागदावर तो शून्याच्याही खाली आहे, हे गणित बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना तोंडाला फेस येतो. उजनीच्या पाण्याचे राजकारण आणि त्यातील बहुतेक अन्याय या ‘उणे’ शब्दाआडच चालतात, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेख आहे.

आधी धरणाची रचना पाहू. माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या जलाशयांत त्याची गणना होते. या ११७ पैकी ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा आहे. याचा अर्थ, निम्म्याहून अधिक पाणी हे वापरायचे नाही असे धरून हे धरण आखले गेले. मृतसाठ्याची पातळी, म्हणजे निरोपातील टक्केवारीचे शून्य, ४९१.०३ मीटर आणि पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, अशी दोहोंत अवघी ५.८० मीटरांची तफावत आहे. सोलापूर जिल्ह्याच्या शेतीची, शहराची आणि साखर कारखान्यांची सगळी उलाढाल जलाशयाच्या वरच्या या सुमारे तीन पुरुष उंचीच्या थरावर आखलेली आहे.

इतका मोठा मृतसाठा का, हा प्रश्न साहजिक आहे. धरणातून कालव्यात पाणी गुरुत्वाने निघावे आणि लांबवरच्या शेतापर्यंत उतारानेच जावे, यासाठी कालव्याचे तोंड पुरेशा उंचीवर ठेवावे लागते; शिवाय नदीबरोबर येणाऱ्या गाळासाठी तळाशी जागा सोडावी लागते. खोरे रुंद आणि सपाट असेल, तर या दोन्ही गरजांपोटी तळाशी अडकणारे पाणी फार मोठे होते. भीमेचे खोरे तसेच आहे. तेव्हा मृतसाठा ही काही अभियंत्यांची चूक नव्हे. ‘मृत’ या शब्दाने मात्र घोटाळा केला. लोकांना वाटले, हे पाणी मेलेले, कुजलेले, निरुपयोगी आहे. पुढे ते पंपाने उपसता येते, तळाच्या मोऱ्यांतून नदीत सोडता येते आणि पातळी उणेत गेल्यावरही काही काळ कालव्यातून काढता येते, हे लक्षात आले, तेव्हा त्याच लोकांना ते फुकटचे वाटू लागले. ज्याचा हिशेबच नाही, त्याची उधळपट्टी झाली तरी कोणाला जाब द्यावा लागत नाही.

२०२३ चा पावसाळा कमी पडला. त्या वर्षी उजनी जेमतेम ६० टक्क्यांपर्यंत भरली, म्हणजे उपयुक्त साठा सुमारे ३२ टीएमसी झाला. जानेवारी संपायच्या आतच तो शून्यावर आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पातळी उणे साठपर्यंत घसरली. ही उणे टक्केवारीसुद्धा उपयुक्त साठ्याच्याच प्रमाणात मोजतात. त्यामुळे उणे साठ म्हणजे मृतसाठ्यातील आणखी ३२ टीएमसी संपले. दोन्ही आकड्यांची बेरीज केली की बाष्पीभवन धरून सुमारे ६४ टीएमसी पाणी आठ महिन्यांत गेले, असे दिसते. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी आराखड्यानुसार जेवढे पाणी वापरायला मिळावे, त्याहून दहा टीएमसी अधिक पाणी आपण एका तुटीच्या वर्षात संपवले. दुष्काळाच्या वर्षी हात आखडता घ्यावा, हे घरातील म्हातारीलाही कळते. आपण मात्र हात अधिक सैल सोडला, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरले म्हणून त्याची चर्चाही थांबली. २०२४ चा पाऊसही २०२३ सारखाच झाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यानंतर कोणत्याही बैठकीत गांभीर्याने विचारला गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

हे पाणी जाते कोठे, याचे उत्तर ‘ऊस’ या एका शब्दात देण्याची पद्धत आहे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत आणि त्यांच्या गव्हाणीत पडणारा बहुतेक ऊस उजनीच्या कालव्यांवर, भीमेच्या काठावर किंवा जलाशयाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे पाणी तुंबते त्या काठाने वाढतो. तरीही मला ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे कौतुकही झाले. परंतु ती ज्वारी कोण, किती भावाने आणि कधी घेणार, याची हमी त्या मानांकनाने दिली नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर, म्हणजे एफआरपी आहे, तोडणीला टोळी येते, वाहतूक कारखाना करतो आणि उशिरा का होईना, पैसे बँकेत जमा होतात. पाण्याची खात्री नसलेल्या प्रदेशात पैशाची खात्री देणारे एकच पीक उपलब्ध असेल, तर शेतकरी तेच लावणार. त्यासाठी त्याला पाणीचोर ठरवणे हा शहरी दांभिकपणा आहे. प्रश्न शेतकऱ्याच्या निवडीचा कमी आणि ती निवड करताना त्याला दिलेल्या खोट्या आश्वासनाचा अधिक आहे. ऑक्टोबरमध्ये धरण साठ टक्के भरलेले असताना ‘यंदा उन्हाळी पाळी मिळणार नाही’ असे त्याला कोणी ठामपणे सांगत नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते, आमदार आपापल्या तालुक्यासाठी आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी मागतात, आणि उणे साठ्यातूनही पाणी सुटेल, असा संदेश गावोगावी जातो. त्या संदेशावर विसंबून लागण झालेला ऊस एप्रिलमध्ये वाळू लागला की पाणी सोडणे ही माणुसकीची बाब होऊन बसते.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा घोळ ‘पिण्याच्या पाण्याच्या’ आवर्तनाचा आहे, आणि तो आम्हा सोलापूरकरांच्या नावावर चालतो. शहरासाठी भीमा नदीच्या पात्रातून पाणी सोडले जाते. धरणापासून पंढरपूरवरून औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत नदीच्या वळणांनी सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करून ते आठ-दहा दिवसांनी पोहोचते आणि टाकळीच्या उपसा केंद्रातून शहराकडे घेतले जाते. अशा एका आवर्तनासाठी पाच ते सहा टीएमसी पाणी सोडावे लागते आणि वर्षाकाठी अशी तीन-चार आवर्तने होतात. पाणी वाटेत उपसले जाऊ नये म्हणून नदीकाठचा वीजपुरवठा तोडण्याचे आदेश निघतात, बंधाऱ्यांची दारे काढण्याच्या सूचना जातात, आणि तरीही कोरडे पात्र, वाळू उपशाने पडलेले खड्डे आणि वाटेतील शेकडो मोटारी यांनी आपापला वाटा घेतल्यावरच उरलेले पाणी सोलापूरला मिळते.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. उजनीपासून सोलापूरपर्यंत सुमारे ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी आता आली आहे आणि तिची क्षमता दिवसाला १७ कोटी लिटर आहे. ती वर्षभर एकही दिवस बंद न पडता पूर्ण क्षमतेने चालली, तरी तिला लागणारे पाणी सुमारे २.२ टीएमसी भरते. जुन्या जलवाहिनीचे पाणी त्यात मिळवले, तरी बेरीज तीन-साडेतीन टीएमसीच्या आसपास राहते. म्हणजे शहराची वर्षभराची तहान नदीतून सोडलेल्या एका आवर्तनापेक्षाही कमी पाण्यात भागू शकते. मग उरलेले पंधरा-वीस टीएमसी पाणी ‘सोलापूरच्या पिण्यासाठी’ या नावाने का सोडले जाते? याचे सरळ उत्तर असे आहे की, ते सिंचनाचेच पाणी आहे, फक्त त्याच्या चिठ्ठीवर ‘पिण्यासाठी’ असे लिहिलेले आहे. २०११ मध्ये राज्याच्या जलधोरणातील प्राधान्यक्रम बदलून पिण्यानंतर शेती आणि त्यानंतर उद्योग असा करण्यात आला. पिण्याचे पाणी अग्रक्रमावर आहे म्हणूनच पिण्याच्या नावाने सोडलेल्या पाण्याला कोणी आडकाठी करत नाही. शून्याखालच्या साठ्यातून कालव्याला पाणी सोडायला विरोध होऊ शकतो. सोलापूरच्या घशाला विरोध कोण करणार?

गंमत अशी की, ज्या शहराच्या नावाने हे सारे चालते, तेथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणे ही वर्षानुवर्षांची सवय आहे. आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस हा वेगळाच वार असतो. त्या दिवशी पहाटेपासून कोणी गावाला जात नाही, पाहुण्यांना बोलावत नाही. स्वयंपाकघरातील तपेली, न्हाणीघरातील पिंप, जिन्याखालचे दोन जुने डबे, गच्चीवरची टाकी, सगळे भरून झाल्यावर उरलेल्या धारेखाली अंगण धुतले जाते, कारण आता हे पाणी परत कधी येईल, याचा भरवसा नसतो. भरून ठेवलेले शिळे पाणी पुढच्या पाळीच्या दिवशी ओतून दिले जाते. टंचाईने माणूस काटकसरी होतो, असे म्हणतात. अनिश्चिततेने तो साठेबाज आणि उधळा, दोन्ही होतो, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. शहराला पाणी धरणातून कमी मिळते म्हणून ही अवस्था नाही. शहरांतर्गत टाक्या, वितरणाच्या वाहिन्या आणि गळती यांचा तो प्रश्न आहे. नदीत आणखी एक टीएमसी सोडल्याने तो सुटणारा नाही.

या व्यवहाराची खरी किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर मार्च-एप्रिलमध्ये करमाळा किंवा इंदापूर तालुक्यातील फुगवट्याच्या काठावर जावे. पातळी मीटरभर उतरली की सपाट काठावरून पाणी कित्येकशे फूट मागे सरते. काल ज्या बाभळीला स्टार्टरची पेटी टांगलेली होती, तिच्यापासून पाणी आज दिसेनासे होते. मग मोटार ट्रॉलीत घालून पुढे न्यायची, पाइपाचे नवे तुकडे जोडायचे, केबल वाढवायची, वाढलेल्या अंतराने दाब कमी पडला म्हणून जास्त अश्वशक्तीची मोटार भाड्याने आणायची, आणि पुढे केवळ चिखल लागला की पोकलेन लावून चर खोदायचा. हे सारे करून झाले की आठवड्यात पाणी आणखी मागे गेलेले असते. उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर कोणी कलिंगड लावतो, कोणी चाऱ्यासाठी मका टाकतो. त्यापलीकडे पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचे शिखर आणि मग हळूहळू सगळे मंदिर वर येते. बघ्यांची गर्दी होते, छायाचित्रे निघतात. ते मंदिर पाहणाऱ्यांना प्राचीन स्थापत्य दिसते; काठावरच्या वयस्कर माणसाला मात्र त्याच्याभोवतीचे गाव आठवते, कारण ते त्याचे होते. या धरणासाठी ज्यांच्या काळ्या जमिनी बुडाल्या, त्यांच्यातील अनेकांची शेती आज या मागे-पुढे होणाऱ्या काठावर आहे, आणि पातळी शून्याखाली गेली की पहिला फटका त्यांनाच बसतो. माणसे तराफ्यासारख्या होड्यांतून एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातात. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी आणि कुगावदरम्यान वादळात होडी उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. जलाशयाच्या दोन्ही काठांना जोडणारा जवळचा पूल असता, तर हा प्रवास होडीने करावाच लागला नसता. लाभक्षेत्राच्या चर्चेत या काठाची आठवण क्वचितच कोणाला होते.

मृतसाठा राखून ठेवावा, या मागणीवर एक चांगला आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. उजनी हा पसरट जलाशय आहे. ५.८० मीटरांच्या थरात साडेत्रेपन्न टीएमसी पाणी मावते, यावरून हिशेब केला तर त्या थराचा सरासरी विस्तार अडीचशे चौरस किलोमीटरहून अधिक येतो. एवढ्या पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडाले, तर ते सुमारे २६ कोटी लिटर होते, म्हणजे समांतर जलवाहिनीच्या एका दिवसाच्या क्षमतेच्या दीडपट. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसाला एकच मिलिमीटर उडत नाही, कितीतरी अधिक उडते. मग उडून जाण्यापेक्षा शेताला दिलेले काय वाईट, असे विचारले जाते. या युक्तिवादात तथ्य आहे, परंतु तो उपयुक्त साठ्याला अधिक लागू पडतो. पातळी जशी खाली जाते तसा जलाशयाचा पसारा आक्रसतो आणि रोज उडणारे एकूण पाणी कमी होत जाते. जे खालचे पाणी कमी पसाऱ्यावर टिकते, तेच नेमके आपण उन्हाळ्यात उपसतो, आणि जे पाणी वरच्या पसरट थरात उन्हात तापत असते, ते हिवाळ्यात वेळेवर आणि मोजून देण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही. बाष्पीभवनाचे कारण प्रामाणिकपणे पुढे करायचे असेल, तर त्यातून रब्बीला लवकर आणि पुरेसे पाणी द्यावे व उन्हाळी पाळी आटपती घ्यावी, असा निष्कर्ष निघतो. मृतसाठा रिकामा करावा, असा निघत नाही.

वरच्या अंगाचाही विचार केला पाहिजे. भीमेच्या खोऱ्यातील मुळशी आणि लोणावळ्याच्या परिसरातील धरणांचे पाणी शंभर वर्षांपासून घाट उतरून कोकणात वीज करत आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी केलेला सत्याग्रह १९२१ चा. खडकवासला धरणसाखळीचे पाणी पुणे शहर पिते आणि त्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व तेथून उजनीत येते. २०२१ च्या उन्हाळ्यात इंदापूरसाठी उजनीतून पाच टीएमसी उचलण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याचे समर्थन ‘पुण्याहून येणारे सांडपाणी’ या शब्दांत करण्यात आले. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि तो निर्णय रद्द करावा लागला. त्या वादात इंदापूरच्या कोरड्या गावांची मागणी खोटी होती, असे मी म्हणणार नाही. परंतु धरणात एकदा मिसळलेल्या पाण्यातून ‘सांडपाणी’ वेगळे काढून कोणाला देता येते, ही कल्पना उणे टक्क्यांइतकीच चमत्कारिक आहे. दोन्हींत युक्ती एकच: ज्या पाण्यावर इतरांचा हक्क आहे, त्याला असे नाव द्यायचे की तो हक्क दिसेनासा व्हावा. धाराशिव शहर उजनीचे पाणी पिते, मराठवाड्याच्या आणखी मागण्या आहेत, नवे बोगदे आणि उपसा योजना आहेत. प्रत्येक नवी योजना कागदावर उपयुक्त साठ्यातून पाणी मागते आणि तुटीच्या वर्षी प्रत्यक्षात मृतसाठ्यातून घेते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरला धरणात जे पाणी असेल, त्याचे वर्षभराचे अंदाजपत्रक त्याच महिन्यात लेखी प्रसिद्ध व्हावे आणि त्यात शून्याखालचे पाणी ‘मृतसाठा’ या नावाने न दाखवता ‘राखीव साठा’ म्हणून दाखवावे. त्या साठ्यातून फक्त जलवाहिन्यांनी जाणारे पिण्याचे पाणी, फुगवट्यावरील विस्थापितांचा ठरवून दिलेला उपसा आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला तर लागणारी तरतूद एवढेच खर्ची पडावे. कालव्याचे कोणतेही आवर्तन शून्य पातळीला थांबेल, हे लागणीच्या आधी जाहीर व्हावे, म्हणजे ऊस किती लावायचा याचा निर्णय शेतकरी डोळे उघडे ठेवून घेईल. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा २००५ पासून आहे, पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याची तरतूदही त्यात आहे. उजनीच्या लाभक्षेत्रात ती मनापासून अमलात आणायला अडचण कसली आहे?

राहता राहतो नदीकाठ. समांतर जलवाहिनी सुरू झाल्यावर शहरासाठी नदीत पाणी सोडायचे थांबवले, तर माढ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंतच्या भीमाकाठच्या गावांचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहील, आणि तो रास्तही आहे. ती गावे आजवर सोलापूरच्या वाट्याच्या पाण्यावर जगली. त्यांचा स्वतःचा वाटा कधी ठरलाच नाही. विजेच्या तारा तोडून रात्रीतून चोरासारखे पाणी उपसायला लावण्यापेक्षा त्यांच्या बंधाऱ्यांसाठी उपयुक्त साठ्यातून ठराविक टीएमसी बाजूला काढावेत, ते बंधारानिहाय मोजावेत आणि त्याची पाणीपट्टी सिंचनाच्या दराने वसूल करावी. आकडा कदाचित आजच्या उपशापेक्षा कमी निघेल आणि त्यावरून भांडणे होतील. ती व्हावीत, पण सोलापूरच्या पिण्याच्या नावावर नव्हे, तर त्या गावांच्या स्वतःच्या नावावर, कालवा समितीच्या टेबलावर आणि ऑक्टोबर महिन्यात.